ओल्या हवेतला कूलर

आमच्या घरात सर्वांत जास्त लाड कोणाचे झाले असतील, तर ते सहा ग्राफिक कार्डांचे. मुलीला ताप आला की कपाळाला हात लावून 'उतरेल' म्हणत ऑफिसला निघून जाणारा मी बाप. या कार्डांचं तापमान मात्र मी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर बघायचो. जेवताना, मीटिंगमध्ये, एकदा तर लग्नात अक्षता टाकता टाकता. उजव्या हाताने अक्षता, डाव्या हातात मोबाइल. नवऱ्या मुलाला लागल्या की नाही कोण जाणे, तिसरं कार्ड ऐंशीवर गेलेलं मात्र मी पाहिलं.

ज्यांना या भानगडीची माहिती नाही (ते सुखी आहेत) त्यांच्यासाठी सांगतो. ॲल्युमिनियमच्या उघड्या चौकटीवर ही कार्डं ओळीने बसवायची, कॉम्प्युटरला जोडायची आणि चालू करून सोडून द्यायची. ती दिवसभर कसली तरी अवघड गणितं सोडवतात आणि त्याच्या बदल्यात आपल्याला कुठल्याशा आभासी नाण्याचा चुरा मिळतो. याला क्रिप्टो मायनिंग म्हणतात. मला इतकंच समजलं होतं. बायकोला तेवढंही समजलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "नाणी करतंय की नाही ते तुझं तू बघ. उकाडा मात्र एक नंबर करतंय."

आम्ही कोलकात्यात बेहालाला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोन खोल्या, हॉल आणि एक छोटी खोली. छोटी खोली आम्ही बाबांसाठी म्हणून ठेवली होती. बाबा येत नव्हते, म्हणून 'तोपर्यंत' मी तिथे यंत्र मांडलं. घरातला एकुलता एक एसी मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत. त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं तरी बायको म्हणायची, "एसी इथून हलला, तर त्याच्याबरोबर आम्ही दोघीही हलू."

मग मी डोकं चालवलं. दोन टेबलफॅन लावले. ते त्याच खोलीतली गरम हवा मोठ्या निष्ठेने इकडून तिकडे फिरवत राहिले. खिडकीची काच काढली, तर कबुतर आत आलं. एका रविवारी मासळीवाल्याकडून बर्फाची अर्धी लादी आणून परातीत यंत्रासमोर ठेवली. तासाभरात बर्फ संपला, तापमान तिथल्या तिथे, आणि खोलीला भेटकी माशाचा वास. तो पुढे पंधरा दिवस गेला नाही.

बाबा तिकडे अकोल्याला एकटे होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. शेजारच्या काकूंनी मला परस्पर फोन करून सांगितलं होतं की, तुझे बाबा एकदाच वरणभात लावतात आणि दोन दिवस तोच खातात. संध्याकाळी दिवासुद्धा लावत नाहीत. मी एकुलता एक. दर रविवारी फोनवर तेच चालायचं.

"बाबा, या ना इकडे."

"येऊन काय करू? तुमच्या सोफ्यावर बसून पंखा पाहू?"

बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. रिकामे हात त्यांना कधी सोसलेच नाहीत. पाहुणा म्हणून ते कुठेही चार दिवसांवर टिकत नसत, मुलाच्या घरी तर त्याहून नाही. आणि मला ते कायमचे हवे होते. खरंच हवे होते. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यावरून कोणाला तसं वाटायचं नाही.

एका रविवारी बोलण्याच्या ओघात मी यंत्राचं रडगाणं गायलो. तिकडून आवाज आला.

"किती तापते म्हणतो?"

"पंचाऐंशी."

"बाप्पा! इंजिन आहे का काय? हवा कुठून घेते? अन् फेकते कुठं?"

इतके प्रश्न बाबांनी दीड वर्षात कशाबद्दलच विचारले नव्हते. मी खोलीचं माप सांगितलं, खिडकीची दिशा सांगितली. पंधरा मिनिटं बोललो. शेवटी मीच म्हणालो, "बाबा, आपला कूलर इथे बसेल का हो?"

अकोल्यात पाडव्याच्या सुमारास कूलर काढणं म्हणजे आमच्या घरचा सणच. बाबा ते पत्र्याचं पिंप अंगणात आणायचे, घासायचे, रंगवायचे, पंपात तेल सोडायचे आणि तिन्ही बाजूंच्या ताट्यांत नवं गवत भरायचे. गवतावरून पाणी झिरपतं, कोरडी हवा त्यातून आत खेचली जाते आणि गार होते. गल्लीतले लोक त्यांना बोलवायला यायचे. त्यांनी भरलेली ताटी म्हणे अख्खा उन्हाळा खाली बसत नसे.

आता कबुली देतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. हवा कोरडी असेल तरच कूलर चालतो, हवेतच पाणी असेल तर तो नुसता ओल वाढवतो, हे मी कॉलेजात तक्त्यासह शिकलोय आणि त्यावर मार्कही मिळवलेत. कोलकात्याच्या हवेत किती पाणी असतं हे कळायला तक्ताही लागत नाही. इथे डब्यातला चिवडा उघडा राहिला तर पोह्यांचे कांदेपोहे होतात. तरीही मी कूलर मागवला. लहानपणी ज्याने गार वाटलं ते कुठेही गारच करणार, अशी विदर्भातल्या माणसाची कूलरवर श्रद्धा असते. शिवाय त्या निमित्ताने बाबा येत होते.

आले. हावड्याला गाडीतून बाबा उतरले, मागोमाग पोत्यात शिवलेला पत्रा, पंखा, पंप आणि गवताचे दोन भारे. पिवळ्या टॅक्सीच्या टपावर ते सगळं बांधताना टॅक्सीवाल्याने विचारलं, "अलमारी है?"

"कूलर," बाबा अभिमानाने म्हणाले.

टॅक्सीवाल्याने एकदा बाबांकडे, एकदा आकाशाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा छोट्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढून उभे होते. "हवा ओली आहे रे इथं. काल रात्रीचं बनियन अजून वाळलं नाही. कूलर काय करीन?"

"तुम्ही लावून तर बघा."

"पाहून घे. तू इंजिनिअर आहे."

बायको ओट्यापाशी होती. तिच्याकडून कणीक जरा जोरात मळली गेली.

कूलर लावायला बाबांना आठ दिवस लागले, आणि ते आठ दिवस माझ्या घरात दिवाळी होती. स्टँडसाठी लोखंडी अँगल हवा म्हणून ते एकटे बाजारात गेले. हार्डवेअरवाल्याला मराठी येत नव्हतं, यांना बांगला. दोघांच्या मोडक्या हिंदीवर त्यांची अशी गट्टी जमली की बाबा एका वेळी चारच स्क्रू आणू लागले, म्हणजे उद्या परत जाता येईल. मुलगी पान्हा धरून त्यांच्यामागे फिरायची. "आबा, पाणी खाणार?" तिने एकदा विचारलं. बांगलात पाणी 'पीत' नाहीत, 'खातात'; इथल्या मैत्रिणींत वाढल्यामुळे तीही खाते. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. बायको मला हळूच म्हणाली, "यंत्र जळलं तरी चालेल, हा माणूस इथे राहायला पाहिजे." झोपायला बाबा हॉलमधल्या दिवाणावर होते, कारण त्यांच्या खोलीत यंत्र होतं.

कूलर सुरू झाला आणि तापमान चक्क सहा अंशांनी उतरलं. मी हॉलभर नाचलो. बाबा नाचले नाहीत. ते ताटीला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

"हे पाण्यानं नाही झालं. पंखा मोठा आहे, त्याच्यानं झालं. पंप बंद करून पाहू?"

"नको नको! आत्ता कुठे उतरलंय."

"कोरडाच चालव. पाणी उगाच जाऊन राहिलं मशिनीत."

"बाबा, मला कळतं त्यातलं."

हे वाक्य मी ज्या सुरात म्हणालो, तो सूर बाबांच्या डेपोत नवे साहेब आले की लावत असत. त्यांनी तो ओळखला असणार. पंप चालू राहिला. रोज सकाळी टाकी भरायचं काम बाबांचं, मीच दिलेलं. न चुकता भरायचे, आणि दर दोन दिवसांनी एकदा विचारायचे, "आज बंद ठेवू का?" आणि मी "नको" म्हणायचो.

महिनाभरात घराचं तळं झालं. छोट्या खोलीचं दार फुगून लागेना. पापड भाजायच्या आधीच वाकायला लागले. भिंतीवर हिरवट नकाशा उमटला. खालच्या मजल्यावरचे मेशोमोशाय (इकडे शेजारच्या वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात) वर येऊन फार सभ्यपणे म्हणाले, "वर काय मत्स्यपालन करता का?" मी हा विनोद ऑफिसात माझा म्हणून खपवला.

मग एका शनिवारी दुपारी पाचवं कार्ड गेलं. तासाभराने दुसरं. मग चौथं. मी तिन्ही काढली. बाबांनी ती एका टॉवेलात तान्ह्या बाळासारखी गुंडाळली, आणि आम्ही दोघं मेट्रोने, मग बसने दुरुस्तीवाल्याकडे गेलो. वाटेत बाबा दोनदा म्हणाले, "होईल दुरुस्त. इंजिनं होतात, हे काय."

दुरुस्तीवाल्याने एक कार्ड उघडलं. तांब्यावर हिरवं चढलं होतं, पायांना पांढरी बुरशीसारखी पूड. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि मग काढून माझ्याकडे बघितलं.

"गंगा से निकाला क्या, दादा?"

दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं हसली. माझ्या गळ्यात सकाळच्या ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं, त्यावर माझी डिग्री नव्हती, पण मला ती तिथे लिहिलीय असं वाटलं. तो म्हणाला, "इसके सामने पानी किसने रखा?"

आणि मी, जो स्वतःच्या फजितीचे किस्से सांगून पार्ट्या गाजवतो, तो मी म्हणालो, "हमारे फादर ने कूलर लगाया. गांव से लाए थे."

फक्त इतकंच. मी बाबांकडे बघितलंही नाही. मला वाटलं, ते म्हणतील, 'मी तर पंप बंद कर म्हणत होतो.' त्यांनी तसं म्हणायला हवं होतं. मी त्यावर हसलो असतो, कानाला हात लावला असता आणि सगळं किस्स्यात जमा झालं असतं.

बाबांनी टॉवेलाची घडी घातली आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "हां भाऊ. गलती मेरी है. मुझे मालूम नहीं था."

चौतीस वर्षं डेपोत काढलेला हा माणूस. त्यांच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात बंद पडली, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी खूप बोललो. कार्डं जुनीच होती, आपण माशांचा धंदा करू, मेशोमोशायांना पार्टनर घेऊ. बाबा "हो" म्हणत होते. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, पान्हा घेतला आणि कूलर खोलायला बसले. एकही स्क्रू न हरवता, सगळे एका डबीत.

"बाबा, असू द्या ना. कोरडा चालवू."

"नको. तुमच्या घरात ओल झाली."

'तुमच्या' हा शब्द बायकोनेही ऐकला. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "काय झालं दुकानात?" मी तिला सांगितलं. तिच्यापाशी सांगताना विनोद करता आला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता बाहेर जा आणि सांग त्यांना, की चूक तुझी होती."

मी बाहेर गेलो. बाबा फरशी पुसत होते. मी म्हटलं, "चहा घेणार?"

चार दिवसांनी ते निघाले. घर बंद आहे, दिव्याचं बिल भरायचंय, काकूंच्या घरचा पंप बिघडलाय. कारणं सगळी खरी होती. हार्डवेअरवाल्याचा निरोप घ्यायला ते गेले नाहीत. मुलगी म्हणाली, "आबा, त्या काकांना सांग ना," तेव्हा "तूच सांगजो" म्हणाले. पत्रा, पंखा काही नेलं नाही. "भंगारवाल्याला देऊन टाक," म्हणाले.

हावड्याला गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी वाक्य घरूनच जुळवून आणलं होतं: बाबा, पंप मीच चालू ठेवायला लावला होता, आणि दुकानात मी खोटं बोललो. वीस मिनिटांत ते पन्नास वेळा म्हणून झालं असतं. मी पाण्याची बाटली आणली. बिस्किटं आणली. बर्थखालची पिशवी दोनदा आत सरकवली. शेवटी खिडकीच्या गजाला धरून म्हणालो, "पुढच्या वेळी अकोल्याहून कोरडी हवाच घेऊन या पोत्यात भरून!"

बाबा हसले. मला बरं वाटावं म्हणून ते हसले, हे गाडी हलल्यावर कळलं.

उरलेली तीन कार्डं मी विकून टाकली. हा किस्सा मी पुष्कळदा सांगतो. बर्फ, मासे, टॅक्सीवाला, गंगा. गंगेपाशी लोक इतके हसतात की मला तिथेच थांबता येतं.

छोट्या खोलीची भिंत खरवडून रंगवून घेतली. खिडकीला नवी काच, खाली पलंग, उशाशी दिवा. हे मी बाबांना फोनवर सांगितलं, एकदा नाही, दोनदा. हावड्याला जुळवून नेलेलं ते वाक्य तेवढं अजून सांगितलेलं नाही.

"बरं केलं," बाबा म्हणाले. "कोणी पाहुणा आला तर सोय झाली."

मी म्हटलं, "हो."