बोटभर अंतरावरचा हात

माहेरी आमच्याकडेच राहणाऱ्या वन्संचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि त्यांना पुन्हा चालतं करायला घरी एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. "उठा, टाच टेका, समोर बघा," हा त्यांचा खाक्या बघून वन्संनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव हवालदारीण ठेवलं. बाईंनी ते हसत मान्य केलं.

मला आठवतो तो त्यांचा हात. वन्सं चालत तेव्हा तो पाठीमागे बोटभर अंतरावर असे. टेकू द्यायचा नाही आणि पडूही द्यायचं नाही.

तरी गाडी पुढे सरकेना. सकाळी न्याहारीनंतर वन्सं उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी येई आणि त्या मटकन पलंगावर बसत. ऑपरेशनचा अशक्तपणा, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. भावजी, म्हणजे माझे दीर, मात्र कंटाळले.

"ताई, तू मनावरच घेत नाहीस. उद्या पडलीस तर उचलणार कोण? सोमवारी वृद्धाश्रमात जागा मिळतेय."

"एकदा पाठवणी केलीत, ती पुरली नाही वाटतं?" वन्सं म्हणाल्या. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. बॅग माळ्यावरून खाली आलीच.

त्याच आठवड्यात बाईंना एकदा सकाळी जमलं नाही, त्या संध्याकाळी आल्या. वन्सं उठल्या आणि दारापर्यंत जाऊन आल्या. मी खूश झाले. बाई विचारात पडल्या.

"काकू, पाय तेच आहेत. मग सकाळीच काय होतं?"

दुसऱ्या दिवशी त्या न्याहारीआधीच येऊन स्वयंपाकघरात बसल्या. भावजी खलात गोळी कुटत होते. गोळी मोठी, वन्संच्या घशात अडकायची. म्हणून तिची पूड केळ्यात कालवायची, ही त्यांची युक्ती.

"रक्तदाबाची आहे," ते कौतुकाने म्हणाले. "एक कणी सापडायची नाही."

बाईंनी पाकीट वाचलं. "काका, ही दिवसभर हळूहळू विरघळायची गोळी. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं."

"मग बंद करू?"

"ते मी ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं. मी पाहिलं ते त्यांना सांगते."

तिथूनच त्यांनी फोन लावला. वन्संचा सकाळी मोजलेला, निजल्यावरचा आणि उभं राहिल्यावरचा रक्तदाब सांगितला, गोळी खलात कुटण्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी ती पूड देऊ नका म्हटलं आणि सहज गिळता येईल अशी दुसरी गोळी दिली.

भावजींचा चेहरा उतरला. "मी तर तिच्या भल्यासाठीच..."

"तुम्ही रोज न चुकता दिलीत, काका. म्हणून तर कारण सापडलं," बाई म्हणाल्या.

सोमवारी न्याहारी करून वन्सं उठल्या. क्षणभर थांबल्या, मग खोली ओलांडून थेट बॅगेपाशी गेल्या.

"अरे, ही माळ्यावर टाक. चालताना पायात येते. आणि तो खलही टाक तिच्याबरोबर."

"समोर बघा, काकू," हवालदारीण म्हणाल्या. त्यांचा हात मागे होताच.