आईजवळ बसून काम करण्याचा अर्ज

त्या हिवाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी तेव्हा युरोपात, रायस्वाइक या गावी नोकरीला होतो. कोरोनामुळे ऑफिस कित्येक महिने बंद होतं आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करत होतो. तेच काम हिंगोलीतल्या आमच्या घरून केलं तर काय बिघडणार होतं? रजा शनिवार-रविवार धरून चौदाच दिवस उरली होती. मला दोन महिने आईजवळ राहायचं होतं.

त्याच देशात बुइटनव्हेल्डर्टला राहणारा माझा पुण्याचा मित्र म्हणाला, "गुपचूप जा. व्हिडिओ कॉलवर मागे पांढरी भिंत ठेव. कोण बघतंय?"

"न सांगता?"

"अरे बावळटा, शाळा आहे का ही?"

माझ्यासाठी होती. वडील बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये होते. एका दिवसाच्या रजेसाठीही साहेबांना अर्ज द्यायचे आणि तो माझ्याकडून लिहून घ्यायचे. कारण खरं लिहायचं, शेवटी आभार मानायचे. घरातला पहिला पदवीधर मी. पुढे या परक्या देशाने मला शिष्यवृत्ती देऊन शिकवलं. लपवाछपवी करायला मन धजेना. वडिलांच्या अर्जासारखाच मेल मी कंपनीला लिहिला: आईचं दुखणं, गाव, तारखा, आणि तिथून पूर्ण वेळ काम करण्याची हमी.

दोन दिवसांनी एचआरच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या हार्लेमच्या घरून बोलत होत्या. आधी आईची चौकशी केली, मग म्हणाल्या, "माणूस जिथे बसून काम करतो, तिथलं सरकार त्या पगारावर कर मागू शकतं. तुमच्या देशात आमची नोंदणीच नाही."

"थोड्या महिन्यांसाठी सूट असते ना?"

"बहुतेक असते. पण आमचे कर सल्लागार सगळ्यांनाच नाही म्हणताहेत."

"मग बिनपगारी रजा?"

"पगार थांबला तर तुमचा इथे राहण्याचा परवाना अडचणीत येईल." त्यांनी माझा मेल स्क्रीनवर उघडला. "तुम्ही विचारलं नसतं, तर मला कळलंच नसतं. आता मी वाचलंय."

त्यांचा राग करावा असं काही नव्हतं. मी आभार मानले.

चौदा दिवसांच्या रजेवर निघालो. लॅपटॉप कंपनीच्या सूचनेनुसार रायस्वाइकलाच ठेवला. युरोपातून आलो म्हणून मुंबईत सात दिवस हॉटेलात विलगीकरण झालं. आई एका रात्रीच्या प्रवासावर, आणि मी बंद खोलीत, हाताला काम नाही. तिथे बसून काम करू दिलं असतं, तर ते सात दिवस रजेतून गेले नसते. फोनवर आई म्हणायची, "आलास ना देशात? मग येत का नाहीस?" मी समजावायचो. ती म्हणायची, "बरं."

प्रवासाचे दिवस वजा जाता घरी पाच दिवस मिळाले. मी तिचे केस विंचरले, तिला कुशीवर वळवायला शिकलो. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या आठवड्यात वॉकर धरून उभं करू. पाचव्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होतो.

"साहेबांना म्हणावं, आई उभी राहीपर्यंत थांबतो," आई म्हणाली. "अर्ज दे ना. तुझे अर्ज चांगले असतात."

वडील दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मी बॅगेची चेन लावली.