शुगर नॉर्मल आली

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मालक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. नवऱ्याला काही माहीतच नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून आधीच लिहिते.

आमचं गाव मेढ्याच्या वर. सातारा जवळ, पण तिथल्या दवाखान्यात गावातलं कुणीतरी भेटतंच. म्हणून लेकीच्या गावी, सांगलीला नेलं. चार महिने हा माणूस अंघोळीला उठत नव्हता. म्हैस ओरडली तरी मान वळवत नव्हता. एकदा विहिरीच्या काठावर नुसता उभा सापडला, मी हाताला धरून घरी आणला. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन आहे, मनाचा आजार. गोळ्यांनी उतार पडेल, पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

परत येताना एसटीत कऱ्हाडपर्यंत मालक खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गावात कुणी इचारलं तर शुगर हाय म्हणून सांग."

मी सांगितलं. मलाही तेच सोपं वाटलं.

शेजारच्या सुभेदारांना खरी शुगर. ते रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन दारात हजर. मालकांना चहात तीन चमचे साखर लागते, पण आता ज्याच्या घरी जातील तिथं बिनसाखरेचा. बारशाला पेढा पुढे आला की सुभेदार मनगट धरायचे. "तुला न्हाई चालत, गड्या." मालक घरी येऊन राग माझ्यावर काढायचे. मग मी दार लोटून त्यांना गोड चहा द्यायचे. या वयात नवऱ्याला चोरून चहा पाजायचा.

गोळ्यांनी मात्र माणूस उठला. वैरण आणू लागला, माझ्याशी भांडू लागला.

मग शाळेत तपासणीचं शिबिर लागलं. सुभेदार मालकांना ओढत घेऊन गेले. बोट टोचलं. शुगर नॉर्मल. माझ्या कारल्यानं गेली, असं सुभेदारांनी घरोघर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गोळी पुढे केली तर मालक म्हणाले, "आता कशाला? शुगर नॉर्मल हाय."

मला वाटलं थट्टा करतात. तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"आवं, शुगर कवा हुती तुमाला?"

"डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय? चौथी शिकलीस."

"चौथीत वाचायला शिकवत्यात. पाकिटावर काय लिवलंय ते वाचून दाखवू?"

गोळी नाही म्हणजे नाही. भाजीत कालवून घालावी असं मनात आलं, पण एका खोट्यानंच एवढं झालं होतं. रोज सांगायची, रोज भांडायची. पंधरा-वीस दिवसांनी अंघोळ सुटली. एका सकाळी मालक भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी विहिरीकडच्या दाराला कुलूप घातलं.

तेवढ्यात सुभेदार रस घेऊन आले. "वयनी, शुगर परत चढली असंल. आजपास्नं दोन पेले द्या."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावजी, त्यांना शुगर कधीच नव्हती. मनाचा आजार हाय. इहिरीवर उभं हुतं तवा मी धरून आणलंय. गोळ्या त्याच्या हायत, आणि तुमच्या कारल्यापायी त्या बंद झाल्यात."

सुभेदार पेला धरून उभेच. "मग मी वरीसभर ह्याला रस पाजला, त्यो कशाला?"

बाजेवरून आवाज आला, "लय कडू हुता."

कितीतरी दिवसांत मालक आपणहून बोलले ते एवढंच. सुभेदार खाली बसले. पेला स्वतःच संपवला आणि म्हणाले, "गोळी घे रं." माझं ऐकलं नव्हतं, त्यांचं ऐकलं. याचाही मला रागच आला. गोळी घेतली, पण गुपित फोडलं म्हणून मालकांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दोन-चार बायका आमच्या दारावरून जाताना पाय उचलून चालू लागल्या. चालू देत. सुभेदार अजून रोज येतात, आता मोकळ्या हातानं. मालक त्यांच्यासमोर तीन चमचे साखर घालून मुद्दाम हलवत बसतात.

गोळी मीच हातावर ठेवते. रोज विचारतात, "आजबी?"

"आजबी," म्हणते, आणि गिळेपर्यंत तिथून हलत नाही.