उजनीकाठचे तांडेल

झोपलेल्या माणसाला उठवायचं, त्याच्या तोंडून त्याचं नाव वदवून घ्यायचं आणि "बरं, निजा आता" म्हणून निघून जायचं, ही तात्यांची खोड होती. माझी त्यांची ओळखही या खोडीतूनच झाली. मत्स्यव्यवसाय खात्यात मी नुकतीच लागले होते आणि करमाळ्याच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात लाइफ जॅकेटं वाटायला गेले होते. टळटळीत दुपार. आमचा ड्रायव्हर जीपमध्ये घोरत पडलेला. पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा आला आणि त्याने काचेवर टकटक केली. "नाव काय तुमचं?" ड्रायव्हरने दचकून नाव सांगितलं. "बरं. निजा आता." मग ड्रायव्हरने त्या म्हाताऱ्याचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्यांचं नाव ज्ञानोबा. समोर सगळे तात्या म्हणत, पण आपसात गाव त्यांना तांडेल म्हणायचं. तांडेल म्हणजे समुद्रातल्या मासेमारी बोटीचा प्रमुख. बोट कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, माणसांनी कधी झोपायचं, हे सगळं तो ठरवतो. उजनीवर दोन माणसांच्या होड्या, इथे तांडेलाचं काय काम? पण धरण पार तळाला गेलं होतं त्या काळात तात्या पोटासाठी कोकणात गेले, ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागले आणि पुढे तांडेल झाले. सोलापूरच्या माणसाने समुद्रावर हुकूम चालवावा याचा गावाला केवढा अभिमान! ते समुद्र सोडून कायमचे परत का आले, हे मात्र कुणी विचारत नसे.

मी वाटलेली जॅकेटं गावाने लगेच उपयोगात आणली. कुणी उशाला घेतलं, कुणी मोटारसायकलच्या सीटवर बांधलं. मी आपले वाटपाचे फोटो वर पाठवून मोकळी झाले होते. जॅकेट अंगात घालायचे ते एकटे तात्या, आणि तेही काठावर उभे राहताना. रोज पहाटे प्रत्येक होडी सुटताना ते तिच्यातल्या माणसांना हाक मारून नावं वदवून घ्यायचे, आणि परत आल्यावर पुन्हा. "तात्या, आमी दोघंच हाय की, दिसतोय की तुमाला," असं एकाने माझ्यासमोरच कुरकुरत म्हटलं. "दिसतंय त्याच्यावर आपला इस्वास न्हाय. तोंडानं बोला," तात्या म्हणाले.

दुसरी त्यांची चीड म्हणजे बारीक आसाची, पिल्लंही न सुटणारी लहान भोकांची जाळी. बापू नावाच्या एका मच्छीमाराने तसलं जाळं आणलं आणि पहिल्याच दिवशी बोटाएवढ्या चिलापी माशांचा ढीग काठावर ओतला. मी कायदा सांगायला तोंड उघडणार, तोच तात्या त्या ढिगाशी उकिडवे बसले. "समुद्रात आमी ह्येच केलं, बापू. पिल्लं धरली आन् कोंबड्यांचं खाद्य कुटायच्या कारखान्याला धाडली. मग मासळी सरली. जवळ मिळंना म्हनून लांब गेलो. चार दिसांची फेरी पंधरा दिसांवर गेली. मानसं तेवढीच आन् जाळी दुप्पट. निजायचं कवा?"

"मी न्हाय टाकलं तर पलीकडच्या गावचे टाकतील," बापू म्हणाला.

"व्हय, टाकतील. आमी बी असंच म्हनायचो."

बापूने तो हंगामभर तेच जाळं वापरलं. तात्या त्याच्याशी भांडले नाहीत. मला मात्र माशांच्या पिल्लांवरून बोलणारा हा माणूस मध्येच झोपेवर का गेला, ते तेव्हा कळलं नाही.

याच गावात कला राहायची. तिचा नवरा दत्तू तात्यांच्या ट्रॉलरवर होता. तात्यांनीच त्याला गावातून नेला होता. एका फेरीत लाट आली आणि तो वाहून गेला, देह मिळाला नाही, एवढंच गावाला माहीत होतं. तात्या परत आले ते त्यानंतरच. कलाच्या घराचे पत्रे त्यांनी बदलले, तिला होडी चालवायला शिकवली, जाळं विणायला शिकवलं. आपल्या नणंदेला घेऊन ती स्वतः मासे धरू लागली. सणावाराला तात्यांच्या घरी जेवायला असायची, आणि तात्यांवर तिचा सख्ख्या बापासारखा जीव होता.

सोलापूरला आमच्या कार्यालयात मच्छीमारांच्या सुरक्षिततेवर एक कार्यशाळा ठरली, तेव्हा बोलायला मी तात्यांचं नाव सुचवलं. ते म्हणाले, "येतो. पन कलाला बी बोलवा. तिच्यासमोरच बोलीन." मला आनंदच झाला. होडी चालवणारी बाई आयतीच फोटोला मिळत होती! तिला आग्रह करून आणलं ते मीच, आणि हे मला अजून टोचतं.

तात्यांना भाषण येत नव्हतं. ते उभे राहिले आणि साहेबांकडे न बघता, पहिल्या रांगेत बसलेल्या कलाकडे बघून बोलू लागले.

"आमी तेरा जन होतो. फेरीचा अकरावा दिस. सकाळचं जाळं वडून झालं. दत्तूनं लागोपाठ तीन जाळी वडली होती, डोळं उघडं ऱ्हाईनात त्याचं. बोटीवर संडास नसतो. मानूस मागच्या टोकाला दोर धरून बसतो. तो तिकडं गेला. परत आला का न्हाय, कुनी बघितलं न्हाय. जेवायच्या टायमाला एक जन म्हनला, दत्तू कुटं हाय? खाली वाकळांचा ढीग होता. मला वाटलं तितंच निजलाय. म्या म्हनलं, निजू द्या त्याला, लई दमलाय. जेवन झाकून ठेवा. दुपारचं जाळं वडायला हाका मारल्या, तवा वाकळा उचलल्या. खाली कुनी न्हवतं. तवर बोट चार तास फुडं आली होती. म्हागं फिरवली. दोन दिस हुडकलं. जेवनाच्या टायमाला म्या नुसतं वाकून बघितलं असतं, तर..."

ते खाली बसले. कार्यक्रमपत्रिकेवर पुढे कुणाचं भाषण होतं ते कुणालाच आठवलं नाही.

कला बाहेर व्हरांड्यात गेली. तात्या तिच्यामागे, आणि त्यांच्यामागे मी.

"तुमी म्हनला होता लाट आली."

"व्हय."

"लाट न्हवती."

"न्हवती. पानी निवांत होतं."

"मी इतकी वरसं त्या लाटंला शिव्या दिल्या, तात्या. आदी सांगितलं असतं, तर तुमच्या घरचं पानी बी पेले नसते."

"म्हनून तर सांगितलं न्हाय," तात्या म्हणाले.

ती एकटीच एसटीने गेली. तात्यांना मी जीपमधून सोडायला निघाले आणि वाटेत न राहवून त्यांच्यावर भडकले. एवढं सांगायचंच होतं तर घरी, एकटीला सांगायचं! चार माणसांत बाईचा तमाशा कशाला? तात्या म्हणाले, "एकटीला सांगितलं असतं तर माफी मागितल्यावानी झालं असतं. माझ्या वयाकडं बघून ती 'जाऊ द्या तात्या' म्हनली असती. आता तिला रागवायला मोकळं हाय."

कला खरंच रागावली. त्यानंतर ती तात्यांशी एक शब्द बोलली नाही. पहाटे तिची होडी सुटायची तेव्हा तात्या हाक द्यायचे आणि नणंद दोघींची नावं सांगायची. तिथे मात्र "तोंडानं बोला" असं तात्यांनी कधी म्हटलं नाही. बारीक जाळी न वापरण्याचा ठराव गावच्या संस्थेने केला. तो निम्म्या लोकांनी पाळला, त्यात बापू होता. मी ट्रॉलरवरच्या माणसांची झोप, संडास आणि हजेरी यांवर एक लांबलचक टिपण लिहून वर पाठवलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना भेटले होते. त्यांनी कलाची चौकशी केली नाही, मीही विषय काढला नाही. ती दवाखान्यात आली नाही, आणि अंत्ययात्रेतही कुणाला दिसली नाही. गावात त्यावर बोलणं झालंच. मला स्वतःला तिचा राग आला, आणि तो धरायचा मला काहीच अधिकार नव्हता.

तिसऱ्या दिवशी सावडायला मी गेले होते. राख गोळा करून गाडग्यात भरली आणि पाण्याच्या काठाशी आणली. तात्यांच्या थोरल्या मुलाने होडीत एक पाय ठेवला, तेवढ्यात गर्दीतून कला पुढे आली.

"ह्यातली मूठभर मला दे," ती म्हणाली.

तो गोंधळला. भावकीतल्या म्हाताऱ्यांकडे बघू लागला. कुणीतरी म्हणालं, असं कुटं असतं का?

"आमच्याकडं सावडायला कायच आलं न्हवतं," कला म्हणाली. "हाड न्हाय, राख न्हाय. मी कुटं काय सोडलंच न्हाय आजवर."

मुलाने गाडगं तिच्यापुढे केलं. तिने मूठ भरली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. आधी नवऱ्याचं नाव घेतलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग मुठीकडे बघून म्हणाली, "तात्या, तुमीच नेला होता त्याला. आता बरुबर घेऊन जावा."

तिने मूठ उघडली. राख जराशी तरंगली आणि पाण्यात मिसळून गेली. कला हात न धुता तशीच काठावर आली आणि तात्यांच्या घरातल्या बायकांमध्ये जाऊन बसली.