धुतलेली किटली

माणगावला एका हॉलमध्ये आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांच्या सचिवांना बोलावलं होतं आणि त्यात बायका आम्ही तिघीच होतो. देशाच्या अर्थव्यवस्थेत दुधाचं स्थान काय, हे एक साहेब पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवून समजावत होते. आपला देश दुधात जगात पहिला आहे आणि त्या साखळीची पहिली कडी तुम्ही आहात, असं ते आमच्याकडे बोट करून म्हणाले. जेवणात श्रीखंड होतं. मी खुशीत घरी आले आणि आईला सांगितलं की मी कडी आहे. आई म्हणाली, आधी कपडे वाळत घाल.

आमचं गाव दिघीच्या खाडीपासून फार लांब नाही. अर्ध्या घरांतले पुरुष आखातात, उरलेले ट्रकवर नाहीतर बंगलेवाल्यांच्या वाड्यांत राखणीला. जनावरं राखणारी घरं बोटावर मोजण्याइतकी उरली होती. केंद्र म्हणजे जुन्या रेशन दुकानाची खोली, तिच्यात एक टेबल, दुधातलं फॅट मोजायचं मशीन, दोन कॅन आणि मी. सकाळी लोक दूध घालायचे, मशीनमधून आकडे छापलेली चिठ्ठी निघायची आणि हायवेकडून टेम्पो येऊन कॅन उचलायचा.

हा टेम्पो आमच्यासाठी मुद्दाम आडवाटेला वळायचा आणि ड्रायव्हर ते रोज ऐकवायचा. त्या वर्षी पावसाळ्यात दोन म्हशी विकल्या गेल्या, दोन आटल्या आणि दुसरा कॅन अर्ध्यावर आला. कॅन भरत नसेल तर गणपतीनंतर गाडी वळणार नाही, असा निरोप ड्रायव्हरने वरून आणला. गाडी नाही म्हणजे केंद्र नाही, आणि केंद्र नाही म्हणजे गावात म्हैस ठेवून काही उपयोग नाही, एवढा हिशेब कोणालाही कळत होता.

सगळ्यांत जास्त तो खालाला कळत होता. खाला, म्हणजे मावशी, आमच्या मागच्या आळीतली; सगळं गाव तिला तशीच हाक मारायचं. सत्तरी ओलांडलेली, एक मुलगा कुवेतला, एक मुंबईला. मुंबईचा तिला आपल्याकडे ये म्हणून दर फोनला सांगायचा आणि खाला म्हणायची, म्हैस कोणाच्या जिवावर टाकू? गावात राहायला तिच्याकडे हे एकच कारण होतं. म्हाताऱ्या बाईला घर आवडतं, गाव आवडतं, हे कारण मुलांना पुरत नाही. म्हैस पुरते. दुसऱ्या कॅनसाठी मी जेवढी तळमळत होते तेवढीच तीही, पण ती ते दाखवायची नाही.

तिची म्हैस तेव्हा गाभण होती. सगळं गाव तिच्या पोटाकडे बघत होतं. शेवटी श्रावण सरताना, हळव्या भाताला लोंब्या धरल्या तेव्हा, ती व्याली.

आमच्याकडे चीक विकत नाहीत. रेडकाचं पोट भरलं की उरलेला चीक घरोघरी वाटतात, हिंदूंच्या, मुसलमानांच्या, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याही. घेणाऱ्याने भांडं धुवायचं नाही आणि रिकामं परत पाठवायचं नाही. मूठभर तांदूळ, गूळ, काहीतरी त्यात असायला हवं, नाहीतर म्हशीला बाधतं असं म्हणतात. खालाची स्वतःची एक पद्धत होती. ती झाकण न लावता किटलीच्या तोंडावर हळदीचं पान बांधायची, म्हणजे खरवस उकडताना तेच खाली घालता यावं. आमच्या घरी पहिल्याच दिवशी असं पान आलं. आईने खरवस केला आणि मी तो दोनदा मागून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाला स्वतः केंद्रावर आली. एरवी ती मशीनवर डोळे रोखून उभी राहायची, चिठ्ठी दोनदा वाचून घ्यायची, मशीनपेक्षा आपला हात खरा असं मला ऐकवायची. त्या दिवशी तिने स्टीलची किटली टेबलावर ठेवली, 'हे तुमच्या सेंटरचं' म्हणाली आणि रेडकू एकटं आहे म्हणून लगेच वळली. चिठ्ठीसाठी थांबलीच नाही. किटलीच्या तोंडावर हळदीचं पान होतं.

मी ते पान सोडलं आणि टोपलीत टाकलं.

तिसऱ्या दिवसाचा चीक बघायला जवळजवळ दुधासारखाच असतो, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं आहे. पण पान हिरवंगार होतं, नाकाला वास येत होता आणि नव्याने व्यालेल्या म्हशीचं दूध पहिले काही दिवस घ्यायचं नाही हा नियम माझ्यामागे भिंतीवर चिकटवलेला होता, माझ्याच हाताने. मला दुसरा कॅन दिसत होता. मी नमुना मशीनला लावला तर असे आकडे आले की त्या मशीनने जन्मात दाखवले नसतील. मी हुरळून गेले. खालाच्या नावाची चिठ्ठी काढली, डब्यात ठेवली आणि किटली कॅनमध्ये ओतली. नंतर किटली साबणाने स्वच्छ घासून खिडकीत उपडी घातली, कारण स्वच्छतेवरही प्रशिक्षणात एक तास झाला होता.

शीतकरण केंद्रात दूध उतरवून घेण्याआधी थोडं नळीत तापवून बघतात. आमचं फुटलं. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने कॅन तसाच परत आणून दारात आदळला. चीक कोणी घातला म्हणून वरून विचारणा आली. मी चिठ्ठ्या पुढे केल्या. आकडे बघून कोणालाही कळलं असतं. त्यांनी नाव विचारलं नाही, ते छापलेलंच होतं.

गाडी त्याच आठवड्यात बंद झाली. गणपतीपर्यंतही थांबले नाहीत, त्यांना निमित्तच हवं होतं. गावात मात्र वेगळंच झालं. खालाला हाव सुटली, तिने चीक विकायला काढला आणि सगळ्यांच्या पोटावर पाय आणला, असं दोन दिवसांत घरोघर झालं. ज्यांनी तिचा खरवस खाल्ला होता तेच म्हणत होते. मी गप्प राहिले. मी खोटं काही बोलले नाही, आणि त्याचंच तेव्हा मला समाधान वाटत होतं.

केंद्राची खोली आवरत होते तेव्हा खाला आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, किटली दे. मी खिडकीतून काढून तिच्या हातात दिली. तिने आत बघितलं, बोट फिरवलं आणि टेबलावर परत ठेवली.

"घासलीस पन," ती म्हणाली. "आनि रिकामी."

मी किटली पुन्हा तिच्यापुढे सरकवली.

"मी इकायला न्हवता आनला, पोरी. सगल्या घरांना दिला, तसा या घराला दिला. रोज दूध नेतं, म्हनून हेही आपलंच एक घर, असं मला वाटलं."

किटली न घेताच ती गेली. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

त्या संध्याकाळी मी दूध घालणाऱ्या प्रत्येक घरी गेले आणि सांगितलं की खालाने चीक वाटला होता, विकला मी. काहींनी मान हलवली. एक जण म्हणाला, आता सांगून काय, गाडी येणार आहे का? गाडी आली नाही. दुसरा एक जण दुचाकीवरून हॉटेलांना दूध पोचवतो म्हणाला, तेही महिन्याभरात थांबलं. तोवर खालाच्या मुंबईच्या मुलाने म्हशीला गिऱ्हाईक शोधलं होतं. ताज्या व्यालेल्या म्हशीला तबेल्यात मागणी असते, रेडकाला नसते. टेम्पोत म्हैस चढली आणि रेडकू गावातल्या एकाने नेलं.

त्या साहेबांची रंगीत वर्तुळं मला तेव्हा आठवली. त्यांत काहीच फरक पडला नसणार. म्हैस तीच, दूध तेवढंच, देशात कुठेतरी निघणारच. फक्त आमच्या गावातून निघणार नव्हतं, आणि ते दाखवायला वर्तुळात जागा नव्हती.

खाला मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मी किटलीत आमच्या शेतातले नवे तांदूळ भरले आणि तिच्याकडे गेले. पेटी बांधून ओटीवर ठेवली होती. गोठा झाडून स्वच्छ केलेला होता, दाव्याचा खुंटा तेवढा होता. तिने किटली घेतली, तांदूळ ओंजळीत घेऊन बघितले आणि मला बस म्हणाली. चूक माझी होती आणि मी ते सगळ्यांना सांगितलंय, असं मी तिला म्हणाले. तिच्या कानावर ते आलं होतं.

तिने चहा टाकला. लहानपणापासून त्या घरात मी साय तरंगणारा चहा प्यायले होते, नको म्हटलं तरी ती वरून आणखी दूध ओतायची. त्या दिवशी तिने कप माझ्यापुढे ठेवला आणि चहा कोरा होता. दुकानात पिशवीचं मिळतं, पण ती म्हणाली, ते या घरात आजवर आलं न्हाय. मी तो चहा शेवटपर्यंत प्यायले.