अपुनर्भव

बाबांनी विचारलं आणि मी ‘अपुनर्भव’ म्हणालो, तेव्हा मी परीक्षा केलेलीच नव्हती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

हा शब्द आता कुणाच्या कानावर पडत नाही. पंचवटीत बाबांचा दवाखाना होता आणि मागच्या पडवीत भस्मांची भट्टी. तिथे तो रोजचा होता. धातू मारून त्याचं भस्म करायचं, आणि ते पुन्हा कधी धातू होणार नाही अशी खात्री पटली की त्याला अपुनर्भव म्हणायचं. पुस्तकातला अर्थ एवढाच. रसविद्या म्हटलं की लोकांना सोनंच आठवतं. कोपऱ्यावरचे पानवाले काका येता-जाता विचारायचे, “काय वैद्यबुवा, झालं का सोनं?” बाबा म्हणायचे, “सोनं करायला बसलेले सगळे उपाशी मेले. मी तांबं मारतो, म्हणून दोन वेळा जेवतो.”

तांबं मरायला वेळ लागतो. गंधक, लिंबाचा रस, गोवऱ्यांची आच, पुन्हा खल, पुन्हा आच. शेवटी परीक्षा. चिमूटभर भस्म घ्यायचं, ते तूप, मध, गुंज, टाकणखार आणि गुग्गुळात कालवायचं आणि मुशीत सणसणीत तापवायचं. हे पाचजण धातूचे मित्र. मित्रांनी हाक मारल्यावर तांबं उठलं, मुशीच्या तळाशी लाल मणी चमकला, तर भस्म कच्चं. परत भट्टीत. “ज्याला उठवून पाहिलं नाही, त्याला मेला म्हणायचं नाही,” असं बाबा सांगत. आमच्याकडची रीत अशी की परीक्षा करणाऱ्याने तो शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि तो ऐकल्यावरच बाबा बाटलीला बूच लावायचे. बाकी चिठ्ठी नाही, सही नाही. शब्द म्हटला की झालं.

त्या दुपारी मेहुणा मोटारसायकल चालूच ठेवून दारात उभा होता. इंदिरानगरात फ्लॅट बघायला जायचं होतं.

“दाजी, चला ना! बिल्डर काय तुमच्या तांब्यासाठी थांबणारे?”

मूस थंडच होती. मधाची बरणीसुद्धा मी उघडली नव्हती. आतून बाबांचा आवाज आला, “काय रे, उठलं का?”

“नाही उठलं. अपुनर्भव,” चपला घालता घालता मी म्हणालो.

दोन दिवसांनी चांदवडहून आत्या आली. पोट फुगतंय म्हणून. ती बाबांची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ. “दादा, सोनं जमलं नाय तुला, निदान चहा तरी गोड कर,” म्हणाली आणि तांब्याच्या भस्माच्या पुड्या पदरात बांधून संध्याकाळच्या एसटीने परत गेली.

आठवड्याच्या आत तिचा मुलगा आला. उरलेल्या पुड्या त्याने टेबलावर टाकल्या. “मामा, आईच्या उलट्या थांबंना. चक्कर येऊन न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं. काय दिलं तुम्ही तिला?”

बाबांनी पुडी सोडली, पाच मित्र काढले आणि त्याच्यासमोर मूस तापवली. मी शेजारी उभा होतो. तळाशी मणी आला. मुगाएवढा, लालभडक.

बाबांनी तो मणी चिमट्याने उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, “यानं तर अपुनर्भव सांगितलं होतं. म्हणजे बाटली माझ्याच हातून बदलली.” फळीवर शेजारी अर्ध्या आचेच्या तांब्याची दुसरी बाटली होती, हे खरं. दोन्ही बाटल्या त्यांनी तिथल्या तिथे भट्टीच्या खड्ड्यात ओतल्या. “डोळे गेले माझे. आता दुसऱ्याच्या पोटाशी खेळायचं नाही.”

माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. आलं असतं तर मी सुटलो असतो. मी काय केलं? आतेभावासाठी पाणी आणलं.

भट्टी बंद झाली, मग दवाखानाही. आत्या काठीवर आली. तिची राखी यायची थांबली. “सख्ख्या भावानं विष चारलं,” असं ती येईल-जाईल त्याला सांगायची आणि ते आमच्यापर्यंत पोचायचं. गेल्या वर्षी ती गेली. आम्ही चांदवडला पोचलो, तर बाबा कांद्याच्या चाळीपाशीच थांबले. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

फ्लॅट त्याच दुपारी पसंत पडला होता. आज बाबा तिथेच, माझ्याकडे राहतात. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना पेपरातलं बारीक अक्षरही दिसतं. तरी गोळी घेताना पाकीट माझ्यापुढे धरतात. “वाच.” मी नाव वाचतो, मग ते गिळतात. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही, माझ्या शब्दावर आहे.

परवा जेवता जेवता घास हातात धरून म्हणाले, “ती दुसरी बाटली मी डावीकडे ठेवली होती ना रे?”

“जाऊ द्या ना बाबा. भाकरी गार होतेय.”

बाटली बदलली नव्हती, मी मूस तापवलीच नव्हती. एवढं मी बाबांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.