प्रिन्सीने आईचं विमान थांबवलं

तर प्रिन्सीने हातमोजा काढला, इथवर काल गोष्ट आली होती आणि नेमकी जेवायची हाक आली. हातमोजा काढला, आणि तोही कुठे? नाकातलं पाणी ओठापर्यंत पोचायच्या आत गोठतं, अशा थंडीत! ट्रकवरून उंच उचललेल्या पाळण्यात ती उभी, समोर विमानाचा पंख, वरून बर्फाची भुरभुर. आणि त्याच विमानात, खिडकीशी, तिची आई.

काल जे नव्हते त्यांना आधी पोर कोण ते सांगायला हवं. प्रिन्सी म्हणजे आपल्या गिरीज गावच्या क्लेमेंटची लेक. क्लेमेंटची वाडी केळीची आणि पानवेलीची. वेलीवर औषध मारून झालं की हा माणूस नुसतं बघून कधी हलायचा नाही. पान उलटायचं, औषध लागलंय का ते मागून बोट फिरवून बघायचं, मगच पुढचा वेल. शाळा सुटली की लेक त्याच्या मागे मागे, तीही बोट फिरवायची.

पुढे ती शिकली, कॅनडात गेली आणि तिथल्या एका विमानतळावर विमानांवरचा बर्फ उतरवायच्या कामाला लागली. गावात बातमी पोचली ती अशी : "क्लेमेंटची पोर कॅनडात विमानांना आंघोळ घालते!" तिची मावशी आल्बिना, जिभेला हाड नसलेली बाई, म्हणाली, "मग आमच्या म्हशींनी काय घोडं मारलं होतं?"

हसा खुशाल. पण विमान उडतं ते पंखावरून सुरळीत वाहणाऱ्या हवेच्या जिवावर. पंखावर मिठागरातल्या बारीक मिठासारखा खरखरीत थर जरी बसला, तरी हवा पंखाला धरून राहत नाही. मग धावपट्टीवर कितीही जीव खाऊन पळा, विमान नीट वर उठत नाही. उठलं तरी तोल जाऊन खाली यायची भीती. म्हणून उडायच्या आधी गरम औषधाचा फवारा मारून पंख साफ करायचा, वर दुसरं दाट औषध मारायचं, म्हणजे नवा बर्फ काही वेळ चिकटत नाही. तेवढ्या वेळात उडायचं, नाही तर पुन्हा फवारा.

आता आई त्या विमानात कशी? पोरीला नाताळ एकटीने काढावा लागू नये म्हणून मार्था आणि क्लेमेंट तिच्याकडे गेले होते. इकडे धाकट्या लेकाचं, ॲल्रॉयचं लग्न नव्या वर्षात लगेच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जायचं आणि उंबराचं पाणी म्हणतात ते आणायचं, त्या पाण्याने नवऱ्या मुलाला न्हाऊ घालायचं. त्यांच्या घरात पहिली घागर आईनेच भरायची. मार्था महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. वाटेत विमान बदलायचं होतं. हे उशिरा सुटलं की पुढचं चुकणार आणि घागरही.

हे सगळं प्रिन्सीला पाठ होतं. गरम फवारा मारून झाला होता, पंख लखलखत होता. पण मुळाशी एक चमक तिला खटकली. पाणी वाऱ्याने थरथरतं. ही चमक जागची हलत नव्हती.

"ओलं असेल," खालून स्टीवन म्हणाला. तो त्यांच्या टोळीचा म्होरक्या, तिकडचाच. "पण शंका आहे तर हात लाव."

तिने उघडा हात टेकवला. काच! डोळ्याला न दिसणारा, गुळगुळीत बर्फ. आईची खिडकी पलीकडच्या बाजूला होती, तेवढं बरं.

तिने रेडिओवर कॅप्टनला सांगितलं. "पुन्हा मारा," कॅप्टन म्हणाला, "आम्ही थांबतो."

पुन्हा फवारा, पुन्हा हात. तोवर धावपट्टीवरचा बर्फ खरवडायला गाड्या निघाल्या, विमान रांगेत मागे पडलं. प्रिन्सी खाली उतरते न उतरते तोच विमानातून आईचा फोन.

"प्रिन्सी! अगं, पंखावर बर्फ सापडला म्हणे! कुठल्या मेल्याला नको तिथे हात घालायची हौस आली?"

"आय, मीच थांबवलंय."

मार्थाचा आवाज चढला, "जेजू रे! सख्ख्या भावाचं लग्न आहे गं तुझ्या!"

क्लेमेंटने फोन ओढून घेतला. "बोट फिरवून बघितलंस?"

"हो, पप्पा."

"मग बरं केलंस, बाय."

मागून मार्थाचा आवाज, "बापलेक एका माळेचे मणी! माझी घागर कोण भरणार?"

विमान उडालं. त्याचा दिवा ढगात शिरेपर्यंत प्रिन्सी मान वर करून उभी होती, हात काखेत दाबून. आणि पुढचं विमान चुकलंच. इकडे गिरीजला बँडवाले वाजवून वाजवून थकले, बायका विहिरीवर ताटकळल्या, शेवटी पहिली घागर आल्बिनाने भरली. मार्था पोचली ती दुसऱ्या दिवशी थेट चर्चच्या दारात, अंगात कॅनडाचा जाडजूड कोट, डोळ्यांत पाणी. सूनबाईला तिने जवळ घेतलं, पण लेकीशी बोलणं बंद. फोन आला की क्लेमेंटच्या हातात द्यायची.

मे महिन्यात प्रिन्सी घरी आली. मार्थाने तिच्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं, भरभरून वाढलं, पण बोलायचं ते नवऱ्याकडे बघून. "तुमच्या लेकीला विचारा, भात हवाय का."

आल्बिना समोरच जेवत होती. तिला कुठलं राहवतंय? "का गं, त्या एका दिवशी नसता हात लावलास तर? बघ, आई अजून तोंड फिरवून बसलीय. वाईट वाटत नाही तुला?"

प्रिन्सीने काटा बाजूला काढला, घास गिळला आणि म्हणाली, "वाटतं ना, मावशी. पण रुसायला घरी तर पोचली ती. रुसू दे."